औषधजन्य त्वग्रोग आणि कायदा

‘औषध उलटलें’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांतून जुनाच आहे. परंतु ज्या विकारांत त्याचें अत्यंत भयंकर रूप दिसतें, त्याचा शास्त्रीय इतिहास शंभर वर्षांहून फारसा जुना नाहीं. सल्फा वर्गांतील औषधें, अपस्मारावरील कार्बमाझेपीन, वातरक्तावरील अ‍ॅलोप्युरिनॉल यांनीं असंख्य रोग्यांस गुण येतो. क्वचित् एखाद्यास मात्र कांहीं दिवसांनीं ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंडांत फोड उठतात आणि पुढें भाजल्यासारखी कातडी सुटूं लागते. स्टीव्हन्स व जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनीं १९२२ सालीं दोन मुलांच्या अशा आजाराचें वर्णन केलें. याहूनहि उग्र असा प्रकार १९५६ सालीं स्कॉटलंडमधील अ‍ॅलन लायेल यांनीं वर्णिला. ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रॉलिसिस’ हें नांव त्यांचेंच. या प्रकारांत सुमारें तिघांत एक रोगी दगावतो.

अशा रोग्यानें वा त्याच्या माणसांनीं दाद कोठें मागावी? औषध प्रकृतीस मानवलें नाहीं, एवढ्यानेंच डॉक्टर दोषी ठरत नाहीं. तें प्रमाणाबाहेर दिलें, पूर्वीचा अनुभव विचारला नाहीं, चट्टे उठल्यावरहि बंद केलें नाहीं, असें कांहीं दाखवितां आलें पाहिजे. डॉक्टरानें वाजवी ज्ञान व कौशल्य वापरलेंच पाहिजे, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें ज्या ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ खटल्यांत मांडलें, तो आमच्या पुण्याचाच. मे १९५३ मध्यें मांडीचें हाड मोडलेला एक तरुण कोकणांतून पुण्यास आणला गेला. भूल न देतां, अवाजवी जोरानें पाय ओढला गेला, आणि त्याच दिवशीं तो वारला. अखेरचा निकाल १९६८ सालीं लागला. भरपाई रुपये ३,०००!

त्वग्रोगासंबंधींचा मोठा खटला यानंतर तीस वर्षांनीं उभा राहिला. अमेरिकेंत राहणाऱ्या अनुराधा साहा १९९८ च्या एप्रिलांत पतीसह कलकत्त्यास आल्या असतां त्यांच्या अंगावर पुरळ उठलें. ७ मे रोजीं डेपोमेड्रॉल या औषधाचीं ८० मिलिग्रॅमचीं इंजेक्शनें दिवसांतून दोनदां घेण्याचा सल्ला त्यांस मिळाला. वस्तुतः हें औषध शरीरांत दीर्घकाळ टिकणारें. त्याच्या दोन मात्रांत एक-दोन आठवड्यांचें अंतर ठेवावयाचें असतें. प्रकृति ढासळत गेली. १७ मे रोजीं विमानानें त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत हलविलें. तेथें रोगाचें निदान लायेल यांनीं वर्णिलेल्या विकाराचें झालें. २८ मे रोजीं त्या वारल्या. वय ३६.

पति डॉ. कुणाल साहा यांनीं फौजदारी व ग्राहक-न्यायाचा असे दोन्ही मार्ग धरले. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००६ सालीं तक्रार फेटाळली. ७ ऑगस्ट २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरवून डॉक्टर व कलकत्त्याचें रुग्णालय यांस निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलें. फौजदारी आरोपांतून मात्र डॉक्टरांची झालेली सुटका कायम ठेवली, कारण शिक्षेस पात्र होण्यास निष्काळजीपणा घोर असावा लागतो. मुख्य रोग कशानें झाला यापेक्षां पुढील उपचार कसे झाले, यावरच सारा निकाल उभा होता, हें विसरतां कामा नये. २४ ऑक्टोबर २०१३ रोजीं भरपाई सुमारें सहा कोटी रुपये ठरली. शिवाय सहा टक्के व्याज. दोन डॉक्टरांवर दहा-दहा लाख, तिसऱ्यावर पांच लाख, बाकी रुग्णालयावर. पुण्याच्या खटल्यास पंधरा वर्षें लागलीं, यासहि पंधराच! रकमेचा आकडा मोठा झाला. वाट पाहाण्याचा काळ तसाच राहिला, हें आम्हांस शोचनीय वाटतें.

आतां नारायणगांवच्या एखाद्या घरावर असा प्रसंग आला तर? १९९५ च्या निर्णयानें पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक-कायद्याखालीं आले. जेथें सर्वांसच विनामूल्य उपचार मिळतात तीं रुग्णालयें वगळलीं गेलीं. २०१९ च्या कायद्यानें राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे, म्हणजे आमच्या बाबतींत पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे, तक्रार करतां येते. मुदत दोन वर्षांची. औषध बनविणाऱ्या कंपनीवरहि दावा शक्य झाला आहे. परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावयाच्या औषधाचा धोका तिनें डॉक्टरांस नीट कळविला असेल, तर इशारा दिला नाहीं म्हणून तिला धरतां येत नाहीं.

या साऱ्याची मदार कागदांवर. आमच्याकडे गोळ्या पुष्कळदां दुकानांतून तोंडी सांगून, बिलावांचून घेतल्या जातात. मग कोणती गोळी, कोणत्या दिवशीं, किती, याचा पुरावा काय? चिठ्ठी, पावती, वेष्टन जपून ठेवावें. रुग्णालयाकडून रोग्याच्या नोंदींची प्रत मागून घ्यावी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालूं आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे रोगी स्वतःहि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवूं शकतो.