सायनसची शस्त्रक्रिया आणि दमा

दसऱ्याच्या सुमारास सेनगाव तालुक्यात सोयाबीनची मळणी सुरू होते आणि मळणी यंत्रातून उडणारा भुसा दम्याच्या रुग्णांना जड जातो. त्यातच ज्यांचे नाक वर्षभर चोंदलेले असते, त्यांना 'नाकातले मांस काढले की दमाही जाईल' अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. ही आशा निम्मीच खरी आहे.

नाकपुडीपासून श्वासनलिकांपर्यंतचे अस्तर बव्हंशी एकाच जातीचे असते. त्यामुळे एका टोकाला दाह असला, की दुसऱ्या टोकालाही तो अनेकदा आढळतो. शिवाय नाक बंद असल्यास तोंडाने घेतलेली हवा न गाळता, कोरडीच फुफ्फुसांत उतरते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील डॉ. मेसरक्लिंगर यांच्या अभ्यासावर आधारलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९८० च्या दशकात रूढ झाली. तीत चेहऱ्यावर छेद न घेता सायनसची नैसर्गिक तोंडे मोकळी केली जातात आणि वाढलेले कोंब काढले जातात.

लाभ किती? अमेरिकी संशोधकांनी २०१३ मध्ये २२ अभ्यासांतील ८९१ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. सुमारे ७६ टक्के रुग्णांचा दमा अधिक आटोक्यात आला, झटके कमी झाले, स्टेरॉइडच्या गोळ्याही घटल्या. मात्र फुंकून मोजलेली फुफ्फुसांची क्षमता जवळपास होती तेवढीच राहिली आणि पंपातील स्टेरॉइड कमी करता आले, ते एकतृतीयांशाहून कमी रुग्णांना. शस्त्रक्रियेनंतर मोकळा श्वास मिळताच पंप कोनाड्यात ठेवून देणे म्हणूनच धोक्याचे असते.

धूळ तर शस्त्रक्रियेनंतरही तीच असते. १९८१ ते १९८७ या काळात बार्सिलोना बंदरात सोयाबीन उतरवताना उडालेल्या धुळीने शहरात दम्याच्या साथी आल्या होत्या. कोठारांना गाळण्या बसविल्यावरच त्या थांबल्या. मळणीवर नाका-तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावणे हा उपाय त्या मानाने स्वस्त आहे.

काही रुग्णांत दमा, नाकातील कोंब आणि ॲस्पिरिनचे वावडे ही तिन्ही दुखणी एकत्र असतात. अशांना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही तीव्र झटका येऊ शकतो. किराणा दुकानातून डोकेदुखीची गोळी घेण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक असल्याने हे आवर्जून सांगावे लागते. या रुग्णांत कोंब पुन्हा उगवण्याचे प्रमाणही मोठे आहे. त्यांच्यासाठी इंजेक्शनने देण्याची ड्युपिलुमॅबसारखी औषधे आली आहेत, पण ती सामान्यांच्या आवाक्याबाहेरची आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वी दमा आटोक्यात असणे आवश्यक आहे. पंप कोणता, शेवटचा झटका केव्हा आला, स्टेरॉइड गोळ्या कधी घेतल्या आणि कोणती गोळी सोसत नाही, हे भूलतज्ज्ञाला आधीच सांगावे. नंतर तज्ज्ञांच्या सल्ल्याने मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. हे पाणी उकळून गार केलेलेच हवे, थेट बोअरचे किंवा नळाचे नव्हे.