हाऊस संगीत : भूमिगत नृत्यगृहापासून मुख्य प्रवाहापर्यंत (१९७७ ते २०२३)

प्रस्तावना

लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुधा कलावंतांची नावे, गाजलेली गाणी आणि विक्रीचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. एखादा संगीतप्रकार 'मुख्य प्रवाहात आला' असे म्हटले की तो अधिक श्रोत्यांपर्यंत पोहोचला, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. तथापि मुख्य प्रवाहात नेमके काय येते, केवळ ध्वनी येतो की तो ध्वनी घडविणारा समाजही येतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात १९७७ नंतर उदयास आलेल्या 'हाऊस' या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. या संगीताचा प्रसार आणि त्याच्या निर्मात्यांना मिळालेली मान्यता या दोन प्रक्रिया एकाच वेळी घडल्या नाहीत. त्यांच्यातील अंतराचा ऐतिहासिक शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

हाऊस संगीताचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल : चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर पडणारा जड ठोका, मिनिटाला साधारणपणे १२० ते १३० मात्रांची गती, यंत्रावर वाजविलेला व पुनःपुन्हा येणारा मंद्र सुरावटीचा तुकडा आणि दोन तबकड्यांचे वादन एकमेकांत मिसळून रात्रभर अखंड राखलेला नाद. यात वादकांचा ताफा नसतो. निवड करणारा, जोडणारा आणि श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार बदल करणारा 'डीजे' हाच येथे प्रमुख कलावंत असतो.

डिस्कोचा अस्त आणि वेअरहाऊस

१९७७ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी शिकागोतील साउथ जेफरसन मार्गावर, एका जुन्या औद्योगिक इमारतीत 'वेअरहाऊस' हे नृत्यगृह सुरू केले. न्यूयॉर्कमधील फ्रँकी नकल्स या तरुण डीजेला त्यांनी तेथे पाचारण केले. येथे येणारे लोक प्रामुख्याने कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे समलिंगी तरुण होते. वर्ण आणि लैंगिकता अशा दोन्ही कारणांनी शहरातील इतर करमणुकीच्या स्थळी त्यांचे सहज स्वागत होत नसे. त्यामुळे वेअरहाऊस हे त्यांच्यासाठी केवळ करमणुकीचे ठिकाण नव्हते. निर्धास्तपणे एकत्र येण्याची ती एक जागा होती. 'हाऊस' हे नाव याच 'वेअरहाऊस' शब्दाच्या उत्तरार्धावरून पडले, असे मत सर्वाधिक प्रचलित आहे.

याच सुमारास डिस्को संगीताविरुद्ध प्रतिक्रिया उमटू लागली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर दोन बेसबॉल सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्को तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्याचा कार्यक्रम स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने योजला होता. तबकडी आणणाऱ्यास ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. स्फोटानंतर हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या दिवशी मैदानावर काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण पुढे हाऊस संगीताच्या आद्य निर्मात्यांपैकी एक झाला. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या, परंतु कृष्णवर्णीय कलावंतांच्या अनेक तबकड्या होत्या, असे त्याने पुढे वारंवार सांगितले आहे. या घटनेमागील हेतूबद्दल मतभेद आहेत. डाल यांनी वंशद्वेषाचा आरोप नाकारला आहे. मात्र मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्यानंतर डिस्कोकडे पाठ फिरविली, हे निर्विवाद आहे. नव्या तबकड्या मिळेनाशा झाल्या तेव्हा नकल्ससारख्या डीजेंनी जुनी गाणी कापून, लांबवून आणि त्यांना यंत्राच्या ठोक्यांची जोड देऊन नवा माल तयार केला. म्हणजेच हाऊस संगीताचा जन्म टंचाईतून झाला.

यंत्रे, रेडिओ आणि तबकड्या

या निर्मितीला रोलँड या जपानी कंपनीची यंत्रे कारणीभूत ठरली. टीआर-८०८ (१९८०) व टीआर-९०९ (१९८३) ही तालयंत्रे आणि टीबी-३०३ हे मंद्र सुरांचे यंत्र ही त्यांपैकी महत्त्वाची होत. टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकांना साथ मिळावी म्हणून बनविले होते. त्या कामासाठी ते लोकांना पसंत पडले नाही आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. परिणामी जुन्या वस्तूंच्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले आणि बेताची मिळकत असलेल्या तरुणांच्या हाती आले. 'फ्यूचर' या नावाने एकत्र आलेल्या तीन तरुणांनी त्याच्या कळा मूळ वापराशी विसंगत अशा रीतीने फिरवून एक चिरका, वळवळता नाद निर्माण केला. 'म्युझिक बॉक्स' या नृत्यगृहात रॉन हार्डी यांनी तो प्रथम वाजविला आणि १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावाने त्याची तबकडी निघाली. 'अ‍ॅसिड हाऊस' ही उपशाखा येथूनच सुरू झाली.

प्रसाराच्या दृष्टीने दोन माध्यमे निर्णायक ठरली. पहिले माध्यम रेडिओ होय. १९८१ पासून डब्ल्यूबीएमएक्स या शिकागोच्या केंद्रावर 'हॉट मिक्स फाइव्ह' हा डीजेंचा गट असे संगीत प्रसारित करू लागला आणि वेअरहाऊसमध्ये कधी पाऊल न टाकलेल्या शाळकरी मुलांपर्यंतही ते पोहोचले. दुसरे माध्यम स्थानिक तबकडी उद्योग होय. जेसी साँडर्स यांची लॉरेन्ससह रचलेली 'ऑन अँड ऑन' (१९८४) ही सामान्यतः पहिली हाऊस तबकडी मानली जाते. त्यानंतर 'ट्रॅक्स' आणि 'डीजे इंटरनॅशनल' या स्थानिक कंपन्यांनी अल्प भांडवलात अनेक तबकड्या बाजारात आणल्या. व्यवहार पुष्कळदा रोखीने व घाईने होत. करारपत्रांकडे विशीतील तरुणांनी फारसे लक्ष दिले नाही. या दुर्लक्षाची किंमत पुढे त्यांनाच मोजावी लागली.

मुंबईतील एक समांतर प्रयोग

यंत्र हाती आले म्हणजे संगीतप्रकार जन्माला येतो, असे मात्र नाही. या संदर्भात मुंबईतील एक उदाहरण लक्षणीय आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करणारे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ व टीबी-३०३ हीच यंत्रे वापरून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. भैरवी, ललत, भूप, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस इत्यादी दहा रागांची मांडणी तीत यंत्राच्या अखंड ठेक्यावर केलेली आहे. ध्वनीच्या दृष्टीने ती 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'च्या इतकी निकट आहे की २०१० मध्ये नेदरलँड्समधून तिचे पुनर्प्रकाशन झाले तेव्हा पाश्चात्त्य समीक्षक आश्चर्यचकित झाले. प्रत्यक्षात १९८२ मध्ये तिला ग्राहक लाभले नव्हते. सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांना युरोपात आपल्या रचना सादर करण्याची संधी मिळाली.

शिकागो आणि मुंबई येथील या दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत. मुंबईत यंत्र होते, प्रतिभा होती, मोठी ध्वनिमुद्रण कंपनीही होती. तथापि दर आठवड्याला त्या नादावर नाचणारा, त्याला प्रतिसाद देणारा आणि पुढील रचनेची मागणी करणारा समूह नव्हता. शिकागोत तो होता. तेव्हा हाऊस संगीताचे श्रेय केवळ यंत्राला किंवा एकट्या कलावंताला देता येत नाही. ती एका समूहाची निर्मिती होती. त्याच कारणाने तो समूह पुढे विस्मृतीत जाणे ही ऐतिहासिक दृष्ट्या गंभीर बाब ठरते.

ब्रिटनमधील स्वीकार आणि कायद्याचा हस्तक्षेप

हाऊस संगीताला व्यापक लोकप्रियता स्वदेशाआधी ब्रिटनमध्ये मिळाली. १९८६ मध्ये फार्ली 'जॅकमास्टर' फंक यांचे 'लव्ह कान्ट टर्न अराउंड' तेथील पहिल्या दहा गाण्यांत गेले आणि जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह 'सिल्क' हर्ली यांच्या 'जॅक युअर बॉडी'ने अग्रस्थान पटकावले. लंडनमधील 'शूम' आणि मँचेस्टरमधील 'हॅसिएन्डा' या नृत्यगृहांतून १९८८ च्या उन्हाळ्यात या संगीताची लाट उसळली. लवकरच शहराबाहेरील शेतांत व गोदामांत हजारोंचे रात्रमेळावे, म्हणजे 'रेव्ह', भरू लागले. तेथील अमली पदार्थांच्या सेवनामुळे वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली आणि शासनाला हस्तक्षेप करण्यास कारण मिळाले.

१९९० च्या कायद्याने विनापरवाना मेळाव्यांसाठी २०,००० पौंडांपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कारावास अशी तरतूद केली. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथील माळावर २०,००० हून अधिक लोक जमले आणि हा मेळावा सुमारे आठवडाभर चालला. त्याची परिणती १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात झाली. रात्री उघड्यावर भरणाऱ्या, १०० वा अधिक लोकांच्या मेळाव्यांवर त्याने निर्बंध आणले. त्यातील संगीताच्या व्याख्येत पुनरावृत्त ठोक्यांच्या मालिकेचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. एका संगीतप्रकाराचे लक्षण फौजदारी कायद्याच्या भाषेत नोंदविले जावे, हे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल.

या कायद्याने संगीत थांबले नाही. त्याची जागा बदलली. माळावरील विनामूल्य मेळावे ओसरले आणि 'मिनिस्ट्री ऑफ साउंड' (१९९१) सारख्या परवानाधारक, तिकीट आकारणाऱ्या नृत्यगृहांची भरभराट झाली. एकीकडे दंडविधान आणि दुसरीकडे व्यापारीकरण अशा दोन्ही मार्गांनी हे संगीत मुख्य प्रवाहात ओढले गेले.

श्रेय आणि मालकी

या स्थित्यंतरात श्रेयाचा प्रश्न तीव्र झाला. १९८९ मध्ये 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन गटाचे 'राइड ऑन टाइम' हे गाणे ब्रिटनमध्ये सहा आठवडे अग्रस्थानी होते. त्यातील आवाज शिकागोच्या गायिका लोलिअ‍ॅटा हॉलोवे यांच्या १९८० मधील गाण्यातून त्यांच्या परवानगीविना घेतलेला होता, तर पडद्यावर त्या शब्दांवर ओठ हलविणारी तरुणी वेगळीच होती. कायदेशीर तक्रारीनंतर हॉलोवे यांना भरपाई मिळाली. परंतु एका कृष्णवर्णीय गायिकेचा आवाज हवासा वाटावा आणि तिचा चेहरा मात्र नको असावा, यातून या बाजारपेठेची वृत्ती स्पष्ट होते.

मालकीच्या बाबतीतही हेच घडले. लॅरी हर्ड व रॉबर्ट ओवेन्स यांनी १९८० च्या दशकातील आपल्या रचनांच्या हक्कांसाठी व थकीत मानधनासाठी 'ट्रॅक्स' कंपनीविरुद्ध २०२० मध्ये दावा दाखल केला. २०२२ मध्ये तडजोड होऊन त्यांना हक्क परत मिळाले. त्याच वर्षी शिकागोच्या इतर अनेक कलावंतांनीही त्याच कंपनीविरुद्ध दावा केला. दरम्यान या संगीताची अर्थव्यवस्था कोठच्या कोठे गेली होती. 'फोर्ब्स' नियतकालिकाच्या २०१४ च्या यादीनुसार सर्वाधिक कमाई करणारे डीजे स्कॉटलंडचे कॅल्विन हॅरिस होते आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न ६.६ कोटी डॉलर होते. हॅरिस यांच्या यशात गैर काही नाही. परंतु ज्यांच्या रचनांवर हा उद्योग उभा राहिला, त्यांपैकी काहींना पुढे आपले हक्क मिळविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही वस्तुस्थिती त्या आकड्याशेजारी ठेवून पाहिली पाहिजे.

विलंबाने लाभलेली मान्यता

औपचारिक मान्यता हळूहळू आली. १९९८ मध्ये फ्रँकी नकल्स यांना रिमिक्सकारासाठी प्रथमच दिला गेलेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये शिकागो शहराने वेअरहाऊससमोरील मार्गाला त्यांचे सन्मानदर्शक नाव दिले. ३१ मार्च २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये बियॉन्से यांनी 'रेनेसान्स' हा संग्रह हाऊस व तत्सम नृत्यसंगीताच्या परंपरेवर उभारला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रॅमी स्वीकारताना त्यांनी या प्रकाराच्या निर्मितीबद्दल समलिंगी व तत्सम समुदायांचे जाहीर आभार मानले. त्याच वर्षी जून महिन्यात शिकागो नगरपरिषदेने वेअरहाऊसच्या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. ज्या शहरात १९७९ साली तबकड्या उडविल्या गेल्या, त्याच शहराला ४४ वर्षांनंतर या संगीताचे जन्मस्थान जतन करण्याजोगे वाटले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, हाऊस संगीत हे यंत्र, टंचाई आणि एका उपेक्षित समूहाचे नृत्यगृह यांच्या संयोगातून निर्माण झाले. मुंबईच्या उदाहरणावरून यातील समूहाचे महत्त्व अधोरेखित होते. दुसरा, मुख्य प्रवाहात प्रथम ध्वनी गेला. निर्मात्यांची नावे त्यामागून बऱ्याच विलंबाने गेली आणि मालकी हक्क तर अनेकांच्या बाबतीत न्यायालयीन लढ्यानंतरच चर्चेत आले. तिसरा, कायदा आणि बाजारपेठ या परस्परविरोधी वाटणाऱ्या शक्तींनी या प्रक्रियेत एकाच दिशेने काम केले.

संगीताच्या इतिहासलेखनाने म्हणूनच लोकप्रियतेच्या आकड्यांबरोबर करारपत्रे, जागा आणि त्या जागी जमणारी माणसे यांचीही नोंद घेतली पाहिजे. वेअरहाऊसमध्ये १९७७ नंतर नाचणाऱ्यांपैकी अनेक जण पुढे एड्सच्या साथीत दगावले. २०२३ च्या सन्मानाच्या वेळी ते हयात नव्हते. विलंबाने दिलेला न्याय हा न्याय असला, तरी तो कोणापर्यंत पोहोचला आणि कोणापर्यंत पोहोचू शकला नाही, हे नोंदवून ठेवणे हे इतिहासकाराचे कर्तव्य होय.