वय आणि जन्मवर्ष : श्वसनमार्गाच्या साथींचा ऐतिहासिक विचार

साथीच्या रोगांतील मृत्यूंची कोष्टके वयोगटांनुसार मांडण्याची प्रथा जुनी आहे. त्या कोष्टकांतील वयाचा स्तंभ वरवर पाहता सुबोध वाटतो. वस्तुतः त्यात दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे शरीराची, विशेषतः श्वासनलिकांची, त्या वेळची अवस्था. आणि दुसरी म्हणजे त्या व्यक्तीच्या शरीराला जन्मापासून कोणकोणत्या विषाणूंशी झुंजावे लागले, याचा संचित वृत्तांत. पहिली गोष्ट वयावर अवलंबून असते, दुसरी जन्मवर्षावर. या दोहोंची फारकत केल्याखेरीज साथींचा इतिहास नीट उलगडत नाही.

हा भेद प्रथम स्पष्टपणे दिसला तो १८४६ साली, उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर. श्वसनमार्गाने शरीरात शिरणाऱ्या गोवराची साथ तेथे ६५ वर्षांनी आली आणि सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० जणांना तिने ग्रासले. साथीच्या पाहणीसाठी गेलेला तरुण डॅनिश वैद्य पीटर लुडविग पानुम याला असे आढळले की, १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मात्र त्या वेळी वाचलेले त्यांचेच समवयस्क या खेपेस आजारी पडले. वार्धक्य दोघांचे सारखेच होते. भेद होता तो पूर्वानुभवाचा.

१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने हाच प्रश्न अतिभयंकर स्वरूपात पुढे आणला. एरवी या रोगाचे बळी मुख्यतः अर्भके आणि वृद्ध असतात, त्यामुळे मृत्यूंच्या आलेखाची दोन्ही टोके उंच आणि मध्य सखल असतो. १९१८ साली मात्र मध्यभागी तिसरे शिखर उभे राहिले. मुंबईत जूनमध्ये आलेली पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट प्राणघातक ठरली आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या साथीचा मोठा आघात २० ते ४० या वयोगटावर, म्हणजे घरातील कर्त्या स्त्रीपुरुषांवर झाला. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली, तिचे प्रमुख कारण ही साथ होय.

तरुणांच्या या मृत्यूंचे एक स्पष्टीकरण शरीरावस्थेच्या बाजूने दिले जाते. सुदृढ शरीराचा प्रतिकारच अनावर होऊन फुप्फुसांत द्रव साचला, असे ते स्पष्टीकरण आहे. परंतु एवढ्याने वृद्ध तुलनेने का बचावले, हे पुरते समजत नाही. कॅनडा व अमेरिका येथील नोंदींच्या अलीकडील अभ्यासात मृत्यूंचे शिखर २८ व्या वर्षाच्या आसपास आढळले. हे लोक १८८९-९० च्या जागतिक साथीच्या सुमारास जन्मलेले होते. बालपणी भेटलेल्या निराळ्या विषाणूची छाप त्यांच्या प्रतिकारशक्तीवर राहिली असावी आणि नव्या विषाणूपुढे ती निरुपयोगी ठरली असावी, असे अनुमान त्यावरून केले जाते. पहिल्या विषाणूची छाप आयुष्यभर टिकते, हा सिद्धांत टॉमस फ्रान्सिस यांनी १९६० साली मांडला होता. पुढील घटना त्यास पोषक ठरल्या. १९५७ पासून लुप्त झालेला इन्फ्ल्यूएंझाचा एक प्रकार १९७७ साली पुन्हा अवतरला, तेव्हा तो प्रामुख्याने त्यानंतर जन्मलेल्या तरुणांतच पसरला. २००९ च्या साथीतही वृद्धांना लागण कमी झाली, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तात जुन्या, सदृश विषाणूंविरुद्धची प्रतिद्रव्ये शिल्लक होती.

तथापि यावरून शरीरावस्था गौण ठरवणे हा दुसऱ्या टोकाचा प्रमाद होईल. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली की संथ प्रवाहास होणारा विरोध सोळापट होतो; म्हणून प्रौढास केवळ खोकला आणणारी सूज अर्भकाचा श्वास कोंडू शकते. १९५६ साली प्रथम चिंपांझींत सापडलेला श्वसन-सिन्सिशियल विषाणू आजही तान्ह्या मुलांच्या श्वासनलिकांना मोठा धोका आहे, तो मुख्यतः याच कारणाने. उलट, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिन येथील संशोधनात असे दिसून आले की, मुलांच्या नाकातील पेशींमध्ये विषाणूची चाहूल घेणारी यंत्रणा प्रौढांपेक्षा आधीपासूनच अधिक सज्ज असते. कोविड-१९ मुलांना बहुधा सौम्य का गेला, याचे एक उत्तर येथे मिळते. वृद्धापकाळी ही यंत्रणा मंदावते. श्वासमार्ग झाडून काढणाऱ्या सूक्ष्म केसलांची गतीही क्षीण होते.

तेव्हा वृद्ध दुर्बल म्हणून मरतात आणि तरुण सबळ म्हणून वाचतात, हा सर्वकाळ लागू होणारा नियम नव्हे. नवी साथ आल्यावर लस प्रथम कोणास द्यावी, याचा निर्णय बहुधा मागील साथीच्या कोष्टकावरून घेतला जातो. त्या कोष्टकातील वय जन्मवर्षासह वाचले नाही, तर १९१८ साली ज्यांच्या जाण्याने घरेच्या घरे उघडी पडली, तोच वयोगट संरक्षणाच्या यादीत शेवटी राहण्याचा संभव आहे.