प्रथिनांभोवतालचें पाणी

पाण्यास 'जीवन' म्हणण्याची आपल्या भाषेंतील रीत फार जुनी आहे. परंतु सजीवांच्या शरीरांत पाणी नेमकें कसें वागतें, या प्रश्नाचें उत्तर मात्र फार उशिरा हातीं आलें. रक्त, स्नायु, मेंदू यांत अहोरात्र राबणारीं प्रथिनें पाण्यांत बुडालेलीं असतात. त्यांच्या अंगास लागलेलें पाणी तेथेंच गोठल्यासारखें चिकटून बसतें, कीं इतर पाण्याप्रमाणें खेळतें राहतें? या वादाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९४५ सालीं हेन्री फ्रँक व मार्जोरी एव्हान्स यांनीं असें प्रतिपादिलें कीं, तेलासारख्या जलद्वेष्ट्या रेणूंभोवतीं पाणी हिमखंडाप्रमाणें रचून बसतें. १९५८ मध्यें आयर्विंग क्लॉट्झ यांनीं ही कल्पना प्रथिनांस लावली. प्रथिनाच्या अंगावर बर्फासारख्या पाण्याचें कवच असतें, हें चित्र मोठें मोहक होतें. गिल्बर्ट लिंग यांच्यासारखे संशोधक तर याहून पुढें गेले. पेशींतील एकूण एक पाणीच बांधलेलें आहे, असें त्यांचें म्हणणें. तें खरें ठरतें, तर पेशींत क्षारांची आवकजावक कशी होते याविषयींची सर्वमान्य उपपत्तिच कोसळून पडती. म्हणून हा वाद केवळ विद्वानांचा विनोद नव्हता.

निवाडा करणारें साधन मात्र पदार्थविज्ञानाच्या घरीं जन्मास आलें. १९४५ च्या डिसेंबरांत हार्वर्ड येथें पर्सेल, टॉरी व पाउंड यांनीं मेणाच्या एका तुकड्यावर, व लागलीच १९४६ च्या आरंभीं स्टॅनफर्ड येथें ब्लॉख, हॅन्सन व पॅकर्ड यांनीं साध्या पाण्यावर चुंबकीय अनुस्पंदनाचा प्रयोग सिद्ध केला. ब्लॉख व पर्सेल यांस त्याबद्दल १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हायड्रोजनचें अणुकेंद्र हें एक इवलेंसें लोहचुंबकच होय. बलवान् चुंबकाच्या क्षेत्रांत तें एका ठराविक दिशेस वळूं पाहतें. रेडिओच्या जातीच्या लहरींनीं, पर्सेल यांच्या प्रयोगांत सेकंदास सुमारें ३ कोटी आंदोलनांच्या, त्यास डिवचलें म्हणजे तें विचलित होतें आणि मग हळूहळू पूर्वस्थितीवर येतें. शुद्ध पाण्यांत यास सुमारें ३ सेकंद लागतात. रेणु जितके मंद फिरतील, तितका हा काळ सामान्यतः घटत जातो, असें ब्लोम्बर्गेन, पर्सेल व पाउंड यांनीं १९४८ मध्यें दाखविलें. अर्थात् डोळ्यांस न दिसणाऱ्या रेणूची चपळाई घड्याळानें मोजतां येऊं लागली.

आतां पाण्यांत प्रथिन विरघळविलें, तर हा काळ स्पष्टपणें कमी होतो. १९६९ मध्यें कोनिग व शिलिंजर यांनीं चुंबकाचें बळ कमीजास्त करून हीं मापें घेतलीं. त्यांत एक नवल आढळलें: पाण्याच्या केंद्रांवर खुद्द प्रथिनाच्या मंद गिरक्यांची छाप उमटलेली होती. कवचाच्या पुरस्कर्त्यांस हा पुरावाच वाटला. परंतु हें माप सगळ्या पाण्याची सरासरी सांगतें, आणि सरासरी पुष्कळदां फसविते. देवळाच्या महाद्वारांतून वाहणारी गर्दी व गाभाऱ्यांत दिवसभर बसलेले चार पुजारी यांची सरासरी काढली, तर प्रत्येक यात्रेकरू बराच वेळ थांबतो असेंच वाटेल!

हे चार पुजारी वेगळे काढले ते झुरिक येथील कुर्ट व्यूथ्रिख व त्यांचे सहकारी ओटिंग व लीपिन्श यांनीं, १९९१ मध्यें. एकाच रेणूंतील निरनिराळे हायड्रोजन वेगवेगळ्या स्वरांत उत्तर देतात, हें १९५१ मध्यें स्टॅनफर्ड येथें मद्यार्कावर दिसून आलें होतें. त्या कामांत आर्नोल्ड व पॅकर्ड यांच्यासह धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ होते. त्यांनींच पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या विद्येचा पाया घातला. याच गुणाच्या साह्यानें झुरिककरांनीं गुरांच्या स्वादुपिंडांतील ५८ अमिनो आम्लांचें एक चिमुकलें प्रथिन तपासलें. त्याच्या पोटांत पाण्याचे चार रेणु दडलेले आहेत, हें क्ष-किरणांनीं पूर्वींच दाखविलें होतें. हे चार सेकंदाच्या दहा कोटींव्या भागाहून अधिक, पण शतांशाहून कमी काळ मुक्काम करतात, असें ठरलें. पृष्ठभागावरील पाणी मात्र सेकंदाच्या अब्जांशाचा अर्धा भागहि एके जागीं टिकत नाहीं. कवच म्हणून जें वर्णिलें होतें, तें वस्तुतः वाहता प्रवाहच निघालें.

स्वीडनमधील लुंड येथें डेनिसोव्ह व हाले यांनीं हायड्रोजनऐवजीं ऑक्सिजन-१७ या अणूचा मागोवा घेऊन याची खातरजमा केली. प्रथिनाचे स्वतःचे हायड्रोजन पाण्याशीं अदलाबदल करून घोटाळा करतात. ऑक्सिजनच्या बाबतींत तें भय नसतें. त्या चौघांपैकीं सर्वांत खोल बसलेला रेणु २७ अंश उष्णमानास सुमारें १७० मायक्रोसेकंद आंत राहतो, असें त्यांस १९९६ मध्यें आढळलें. रेणूच्या हिशेबीं हें एक युगच! त्यास वाट देण्यासाठीं प्रथिनास स्वतःच क्षणभर उघडावें लागतें. म्हणून कोंडलेला रेणु हा प्रथिनाच्या श्वासोच्छ्वासाचा साक्षीदार ठरतो. बाहेरील थराची गति मात्र सरासरीनें थोड्या पटींनींच मंदावलेली असते.

याचा आपल्या संसाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. १९७१ मध्यें रेमंड डमेडियन यांनीं उंदरांच्या अर्बुदांतील पाण्याचा हा काळ निरोगी ऊतींहून लांब असल्याचें दाखविलें, व १९७३ मध्यें पॉल लॉटरबर यांनीं पाण्याच्या दोन नळ्यांचें पहिलें चित्र काढलें. आज रुग्णालयांत एम्. आर्. आय्. यंत्रानें मेंदूचें जें चित्र निघतें, त्यांतील काळेंपांढरें बहुतांशीं याच काळांच्या फरकांतून उमटतें. रोग्याच्या शरीराची बातमी प्रथिनांजवळून येणारें-जाणारें पाणीच आपणांस देत असतें; आणि तें खेळतें आहे म्हणूनच ती बातमी बाहेर येते. बर्फाच्या कवचांत बंद असतें, तर आंतील गोष्ट आंतच राहती.