आखापासून हबपर्यंत : कोगनोळीच्या वाटेवरचे चाक

चाक आणि आख यांच्यामधले घर्षण हे गाडीइतकेच जुने दुखणे आहे. निपाणी तालुक्यातील कोगनोळी परिसरात त्यावरचे उपाय बदलत गेले, तसे ते करणारे हातही बदलले. कोगनोळी पुणे-बेंगळुरू महामार्गावर, कागल आणि निपाणी यांच्या दरम्यान वसले आहे. उत्तरेला दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र लागतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि येथे राज्याची हद्द आली.

निपाणीच्या बाजारपेठेत तंबाखू आधी पोचे ती बैलगाडीने. लाकडी चाकाचे तुंबा, आरे आणि पुठ्ठे सुतार घडवी. लोहार लोखंडी धाव जाळात लाल करून चाकावर चढवी आणि वर पाणी ओतून आवळी. तुंब्यातली लोखंडी नळी थेट आखावर घासत फिरे. मध्ये असे ते फक्त वंगण. तेलात राख खलून केलेल्या या वंगणाचा नळा गाडीखाली टांगलेला असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान खीळ उपसून चाक थोडे बाहेर ओढी, आखाला वंगण फासे आणि पुन्हा वाटेला लागे. चाकाची देखभाल हे गाडीवानाचेच काम होते. सुताराकडे जायचे ते चाक मोडल्यावर.

घासण्याऐवजी गोळ्यांवर फिरवण्याची कल्पना युरोपात रुजली. वेल्समधील फिलिप वॉन यांनी 1794 मध्ये घोडागाडीच्या आखासाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले. पण एकसारख्या गोल पोलादी गोळ्या पुरेशा संख्येने मिळत नव्हत्या. जर्मनीतील फ्रिड्रिक फिशर यांनी 1883 मध्ये गोळ्या घासण्याचे यंत्र केले, तेव्हा ती अडचण दूर झाली. सायकलींचा प्रसार वाढला तशी बेअरिंगेही दूरवर पोचली. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचे दुकान काढले. सायकलच्या चाकातले छर्रे, कोन आणि वाटी हेच सीमाभागातल्या अनेकांना दिसलेले पहिले बेअरिंग.

मोटारीच्या पुढच्या चाकाला एवढे पुरत नाही. त्याच्यावर वजन वरून येते आणि वळताना बाजूनेही रेटा बसतो. अमेरिकेत घोडागाड्या बांधणारे हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले; हे बेअरिंग दोन्ही भार पेलते. भारतात जयपूरला 1946 मध्ये नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज ही बेअरिंग बनवणारी कंपनी स्थापन झाली, तर 1960 च्या दशकात एसकेएफचा कारखाना चिंचवडला आला.

जीप आणि ट्रकच्या पुढच्या चाकांच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, अशी दोन टेपर बेअरिंगे असत, एक आत आणि एक बाहेर. ती बदलायला जॅक, पाने, हातोडी आणि पंच पुरत. नवे बेअरिंग बसवण्याआधी तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचे. रोलरांच्या फटींतून ग्रीस पलीकडे निघाले की ते भरले. मग चाक फिरवत नट आवळायचा आणि पुन्हा किंचित सैल करायचा. फार आवळला तर बेअरिंग तापते, सैल राहिला तर चाक डुलते. हा अंदाज हातालाच यावा लागे. तरीही काम अंगणात होण्याजोगे होते.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या मोटारींचे युग सुरू झाले. या मोटारींत एक्सल हबमधून आरपार जातो आणि बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या वळत्या भागात, घट्ट दाबून बसवलेले असते. ते काढायला त्याला अडवून ठेवणारी कडी (सर्क्लिप) उपसावी लागते आणि हायड्रॉलिक प्रेस लागतो. नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा असतो आणि हब आत घालताना आतल्या कड्याला आधार हवा. चुकीच्या कड्यावर दाब पडला तर गोळ्यांचे व्रण कड्यांच्या धावपट्टीवर उठतात आणि नवे बेअरिंगही लवकरच आवाज करू लागते. म्हणून घरी काम करणारा नकल उतरवतो आणि प्रेस असलेल्या वर्कशॉपात नेतो. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर अशा यंत्रकामासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

दोष ओळखायचा तो मात्र अजूनही कानाने. झिजलेले बेअरिंग वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर करते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा दोष उजवीकडे असतो. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले की सैलपणाही कळतो.

अलीकडच्या अनेक मोटारींत हब आणि बेअरिंग एकाच संचात येतात आणि तो नकलला बोल्टांनी जोडलेला असतो. तेथे प्रेस लागत नाही, त्यामुळे काम पुन्हा घरी करता येते. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या मोटारीत प्रेसने बसवायचे बेअरिंग असेल, तर त्याची चुंबकीय बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच यावी लागते. उलटे बसले तर डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा विझत नाही आणि सारे काम पुन्हा उसवावे लागते.