देशपांडे, सुलभा

(१९३७ – ४ जून २०१६). मराठी रंगभूमीवरील व मराठी-हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेत्री, दिग्दर्शिका आणि बालरंगभूमीच्या संघटक. माहेरच्या कामेरकर. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेत त्यांचा अभिनय घडला. दिग्दर्शक व नट अरविंद देशपांडे हे त्यांचे पती. त्यांच्या कारकिर्दीकडे बहुधा दोन असमान तुकडे म्हणून पाहिले जाते: रंगमंचावर एक थोर मध्यवर्ती भूमिका आणि त्यानंतर पडद्यावर आई, सासू, शेजारीण अशा छोट्या भूमिकांची लांबलचक मालिका. अशा मांडणीत उत्तरार्ध उतरणीचा वाटतो, पण उपलब्ध पुरावा त्या मांडणीच्या विरोधात जातो. समूहातल्या माणसाकडे नीट लक्ष देणारा अभिनय हे त्यांचे मूळ काम होते. रंगमंचावरच्या त्या मध्यवर्ती भूमिकेमागे ते होते, पडद्यावरच्या आयांमागेही होते, आणि त्यांच्या संस्थात्मक कामाची प्रेरणाही तेच होते.

ती मध्यवर्ती भूमिका म्हणजे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील लीला बेणारे. ‘रंगायन’ने १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगमंचावर आणले. हौशी नटांची एक मंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभा करते आणि बघता बघता एका अविवाहित शिक्षिकेचे खासगी आयुष्य उघड्यावर ओढते, असे त्याचे कथानक आहे. नाटकाच्या शेवटाकडे येणाऱ्या बेणारेबाईंच्या स्वगतासाठीच ही भूमिका लक्षात ठेवली जाते. त्यावर एक आक्षेप संभवतो: एवढे धारदार स्वगत हाती असेल तर कोणतीही समर्थ नटी प्रेक्षकांना हलवेल, मग श्रेय लेखकाचे की नटीचे? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. नाटकाच्या रचनेत न्यायाधीश आरोपीला आपले म्हणणे मांडायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात, स्वगत होते, आणि ते संपल्यावर काही ऐकलेच नसल्यासारखा खटला पुढे चालू राहतो. याचा अर्थ, नाटकातल्या जगात ते शब्द कोणाच्याच कानी पडलेले नाहीत. म्हणून त्याआधीच्या दीर्घ भागात बेणारे जे करते, तिचे खिदळणे, मंडळींची टर उडवणे, मध्येच कोऱ्या चेहऱ्याने बसून राहणे, त्यावर स्वगताचा सगळा भार पडतो. तिथे बहुतेक वेळ बोलत असतात ते इतरच. सुरुवातीच्या उत्साहात दडलेली भीती नटीने पेरली नसेल, तर स्वगत निव्वळ भाषण होऊन बसते. लेखक शब्द पुरवू शकतो, पण इतरांचे ऐकत राहण्याचे काम नटीलाच करावे लागते. आणि हीच चरित्र अभिनयाची खरी कसोटी आहे. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये याच नाटकावर चित्रपट काढला, तेव्हाही बेणारेची भूमिका सुलभाताईंकडेच होती. त्यामुळे सहसा प्रयोगाबरोबर विरून जाणाऱ्या अभिनयाची थोडी नोंद तरी मागे राहिली.

पडद्यावरच्या कामांत श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) आधी पाहावा. हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर आधारलेल्या या चित्रपटात त्या स्मिता पाटील यांनी रंगवलेल्या उषाच्या आईच्या भूमिकेत आहेत. मुलीच्या वाटेवर रागावलेली आई मराठी प्रेक्षकाला नवी नव्हती. इथे मात्र त्या रागामागे आईच्या स्वतःच्या कडवट संसाराची जाणीव आहे, त्यामुळे तिचा विरोध जाचक असूनही समजण्याजोगा राहतो. त्याच वर्षीचा जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’, सईद मिर्झा यांचा ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) आणि अखेरच्या काळातला ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) हीही नावे घ्यावी लागतात. शेवटच्या चित्रपटातली सासू सुनेच्या बाजूने उभी राहते, पण तसा गाजावाजा करत नाही. घरातल्या प्रसंगांत ती नुसती असते, आणि तिच्या असण्यानेच सून एकटी नाही हे आपल्याला कळते. समांतर चित्रपटाच्या दिग्दर्शकांना अशी नटी हवी होती, कारण त्यांच्या कथा एका नायकाभोवती फिरत नव्हत्या. त्या घराच्या, गावाच्या, वस्तीच्या कथा होत्या.

तरीही कोणी म्हणेल, संस्थेच्या कामात वर्षे घातली नसती तर त्यांच्या वाट्याला मोठ्या भूमिका आल्या असत्या. कदाचित आल्या असत्या. पण १९७१ मध्ये ‘रंगायन’मधून बाहेर पडलेल्या अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि सहकाऱ्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली नसती, तर प्रायोगिक मराठी नाटकाला १९७४ पासून छबिलदास शाळेचे सभागृह त्या रीतीने मिळाले नसते. ज्या शाळेत सुलभाताई शिकवत, तिथेच कमी भाड्यात, रंगमंच व प्रेक्षक यांच्यातले अंतर पुसून, अनेक संस्थांनी प्रयोग केले. हीच पुढे ‘छबिलदास चळवळ’ म्हणून ओळखली गेली. मोठ्या नाट्यगृहाचा हिशेब ज्या नाटकांना परवडणारा नव्हता, त्यांना त्यामुळे प्रेक्षक मिळाला. हा लाभ एका नटीच्या चार मोठ्या भूमिकांपेक्षा कमी मोलाचा मानता येणार नाही. शिवाय ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाला’ या बालविभागाने मुलांना घेऊन ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य वर्षानुवर्षे चालवले. ढीगभर मुले एकाच वेळी रंगमंचावर असताना प्रत्येकाने दुसऱ्याचे पाऊल, दुसऱ्याची जागा सांभाळायची असते. बेणारेच्या भूमिकेसाठी इतरांकडे लक्ष देण्याची जी सवय हवी होती, तीच इथे पुढच्या पिढीच्या अंगी बाणवली जात होती. बालचित्रपटाचे दिग्दर्शनही त्यांनी केले. १९८७ मध्ये अरविंद देशपांडे यांचे निधन झाले, तरी ‘आविष्कार’चे काम थांबले नाही. त्याच वर्षीचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना अभिनयासाठी मिळाला. त्यांचे निधन मुंबईत झाले.