उघडी मोटार आणि हाताचा गिअर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेत ज्या कन्व्हर्टिबल, म्हणजे कापडी टप मागे दुमडून उघड्या करता येणाऱ्या मोटारी बनल्या, त्यांपैकी वरच्या किमतीच्या मालिकांमध्ये हाताने गिअर टाकाव्या लागणाऱ्या मोटारी फार थोड्या निघाल्या, आणि त्या थोडक्या असल्यामुळेच आज संग्राहक त्यांच्यासाठी चढी किंमत मोजतात. याच काळात मुंबई, नागपूर वा रायपूरच्या रस्त्यांवर धावणारी अमेरिकी मोटार मात्र जवळपास नेहमीच हाताच्या गिअरची असे. एकाच देशातून आलेल्या यंत्राबाबत दोन ठिकाणी असा उलटा प्रकार का घडला, याचे उत्तर चालवणाऱ्यांच्या आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा तिकडच्या मागणीपत्रकात आणि इकडच्या परवान्यात शोधणे अधिक योग्य ठरते.

मुळात उघडी मोटार ही चैनीची वस्तू नव्हती. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी नोंदवलेल्या आकड्यांप्रमाणे १९१९ साली अमेरिकी मोटारींत बंद सांगाड्याच्या मोटारी सुमारे १० टक्के होत्या; १९२४ साली हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आणि १९२७ साली ८५ टक्क्यांवर गेले. म्हणजे ज्या काळात उघडी मोटार सर्वसामान्य होती, त्या काळात गिअर चालवणाऱ्यालाच बदलावा लागे, कारण दुसरी सोयच नव्हती. आणि गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा जेव्हा बाजारात आली, तेव्हा उघडी मोटार हौसेची आणि खर्चाची बाब होऊन बसली होती.

ही यंत्रणा ओल्ड्समोबिल कंपनीने १९४० च्या मॉडेलवर ‘हायड्रामॅटिक’ या नावाने अवघ्या ५७ डॉलरच्या जादा आकारात दिली. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलाने भरलेला जोड असे; इंजिनाकडचे पाते तेल फिरवी आणि ते तेल गिअरबॉक्सकडचे पाते फिरवी, त्यामुळे पायाखालचे क्लचचे पेडल नाहीसे झाले. पुढे १९४८ साली ब्यूइकचे ‘डायनाफ्लो’, १९५० साली शेव्रोलेचे ‘पॉवरग्लाइड’ आणि १९५१ साली फोर्डचे ‘फोर्डोमॅटिक’ आले. पॉवरग्लाइडसाठी शेव्रोलेच्या गिऱ्हाइकाला १५९ डॉलर जादा द्यावे लागत, आणि काटकसरीने साधी सेडान घेणारा माणूस तेवढे पैसे वाचवीत असे. कन्व्हर्टिबल घेणारा मुळातच सेडानपेक्षा जास्त दाम मोजत असल्याने तो मागणीपत्रकात रेडिओ आणि हीटरबरोबर ऑटोमॅटिक गिअरवरही खूण करी. काही मोटारींत तर निवडीचा प्रश्नच उरला नाही: १९५३ साली कॅडिलॅकने काढलेल्या ५३२ एल्डोराडो कन्व्हर्टिबल ऑटोमॅटिक होत्या, आणि त्याच वर्षी शेव्रोलेने बनवलेल्या पहिल्या ३०० कॉर्व्हेट, स्पोर्ट्स कार म्हणून गाजवल्या जात असूनही, दोन गिअरच्या पॉवरग्लाइडवरच चालत होत्या. स्पोर्ट्स कारला क्लच नसावा हा विरोधाभास कंपनीच्याही लक्षात आला असावा, कारण १९५५ च्या मॉडेलवर थोड्या गाड्यांना तीन गिअरचा हाताचा दांडा मिळाला.

१९६० च्या दशकात जोरकस इंजिनांच्या मोटारींमुळे तळातून वर येणाऱ्या चार गिअरच्या दांड्याला तरुण गिऱ्हाईक मिळाले, परंतु ते गिऱ्हाईक बहुधा पक्क्या टपाच्या स्वस्त कूपेकडे वळले. दोन्ही गोष्टी एकत्र येणे किती दुर्मीळ होते हे प्लिमथ कंपनीच्या १९७१ च्या ‘कूडा’वरून दिसते: हेमी इंजिनाच्या या कन्व्हर्टिबलपैकी अमेरिकेतील विक्रीसाठी ७ बनल्या आणि त्यांतल्या फक्त २ चार गिअरच्या होत्या. चार गिअरची अशी एक मोटार २०१४ साली सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. एवढा पैसा केवळ एका दांड्यापायी फिरू लागल्यावर लबाडीही आलीच. म्हणून जाणकार खरेदीदार बॉनेट उचलून आधी आतल्या मडगार्डवरची, खुणांचे ठसे मारलेली छोटी पत्र्याची पट्टी वाचतो. तिच्यावर ‘डी २१’ असेल तर मोटार कारखान्यातून चार गिअरची निघाली, आणि ‘डी ३२’ असेल तर ती ऑटोमॅटिक होती व दांडा मागाहून बसवला गेला, असे तो धरतो.

भारतात अमेरिकी मोटारींची जुळणी जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईच्या शिवडीत सुरू केली. सुटे भाग पेट्यांतून येत, इथे जोडले जात आणि तयार मोटार रेल्वेने वा रस्त्याने आत जाई. फोर्डचा व्यवहार तिच्या कॅनडातील कंपनीमार्फत चाले, कारण कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात होता. मध्य प्रांतातल्या रायपूरचे या व्यवहारातले स्थान गिऱ्हाइकाचे होते. छत्तीसगडातील बस्तर, कांकेर, खैरागड, नांदगाव, सारंगड, सरगुजा इत्यादी चौदा मांडलिक संस्थानांवर देखरेख करणारा पोलिटिकल एजंट रायपुरात बसे, आणि संस्थानिकांची मुले १८९४ साली जबलपूरहून इथे हलवलेल्या राजकुमार कॉलेजात शिकत. मोटार परवडणारा वर्ग या गावाला असा बांधलेला होता, आणि शिकारीसाठी, मिरवणुकीसाठी वा दौऱ्यासाठी त्याला उघडी मोटारच सोयीची होती.

या वर्गाच्या मोटारीत पुढच्या आसनावर पगारी ड्रायव्हर बसे, ही बाब या इतिहासात दिसते त्याहून महत्त्वाची आहे. क्लच दाबण्याचा त्रास वाचवणे हे ऑटोमॅटिकचे सर्वांत मोठे आकर्षण होते, पण तो त्रास ज्याला होत होता त्याच्या हाती खरेदी नव्हती, आणि ज्याच्या हाती खरेदी होती त्याला त्रास नव्हता. रायपूरहून जगदलपूरला जाताना कांकेरच्या पुढे केशकालचा घाट लागतो, तिथे या ड्रायव्हरचे कसब पणाला लागे. १९२८ च्या शेव्रोलेसारख्या मोटारीत सिंक्रोमेश, म्हणजे दाते एकमेकांत बसण्यापूर्वी त्यांचा वेग सारखा करणारी कडी, नव्हती. ती कॅडिलॅकने त्याच वर्षी पहिल्यांदा बाजारात आणली. त्यामुळे चढावर गती पडू लागली की ड्रायव्हर क्लच दाबून दांडा मोकळा करी, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक ठोका देई, मग पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घाली. हाच ‘डबल क्लच’. ठोका कमी पडला तर गिअरबॉक्स करकरे, आणि मागे बसलेल्या सर्वांना ड्रायव्हरची पात्रता कळे. परतीच्या उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरवर इंजिनाने गाडी रोखून धरावी लागे. घाटातला हा कारभार हाताच्या दांड्यावर जितका नेमका साधे, तितका पुढे आलेल्या दोन गिअरच्या ऑटोमॅटिकवर साधला नसता, असे म्हणण्यास जागा आहे.

१ जानेवारी १९४८ रोजी ही संस्थाने मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झाली, आणि परदेशी मोटारींसाठी देशाची दारेही त्याच सुमारास बंद होऊ लागली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या जोडायला घेतल्या. अमेरिकेतील तीन बड्या कंपन्यांत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर सर्वांत उशिरा आणणारी कंपनी क्रायस्लरच. तिचे ‘पॉवरफ्लाइट’ १९५३ साली निघाले. त्याच १९५३ साली इकडे टॅरिफ आयोगाने शिफारस केली की, टप्प्याटप्प्याने देशी भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कंपन्यांना वाव देऊ नये, आणि १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीतील काम आवरले. क्रायस्लरचे ऑटोमॅटिक बाहेर पडायला आणि भारताचा दरवाजा लागायला एकच गाठ पडली. कुर्ल्याची सेडान स्टिअरिंगच्या दांडीला लावलेल्या तीन गिअरच्या दांड्यावर चालत राहिली, आणि स्टिअरिंगजवळचा गिअर ही अमेरिकेत मागे पडत गेलेली रीत इथे फियाट आणि ॲम्बेसेडरमधून पुढची कित्येक दशके टिकली.

खऱ्या अर्थाने सामान्यांच्या नजरेत आलेली उघडी अमेरिकी गाडी म्हणजे महिंद्राने विलिसच्या परवान्यावर मुंबईत जोडलेली जीप. तिला कन्व्हर्टिबल म्हणणे डेट्रॉइटच्या विक्रेत्यांना रुचले नसते, पण कॅनव्हासचा टप काढता येई, काच पुढे पाडता येई, आणि जंगल खात्याच्या, पोलिसांच्या व कंत्राटदारांच्या हाती ती छत्तीसगडभर फिरली. महायुद्धकालीन जीपमध्ये तर गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे असत, एक पुढच्या चाकांना जोर देण्यासाठी आणि एक वेगाचा टप्पा खाली आणण्यासाठी.

ऑटोमॅटिक अमेरिकी मोटारी आल्या त्या प्रामुख्याने वकिलातींच्या मार्गाने. परदेशी मुत्सद्द्यांच्या वापरलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात आणि त्यांतून एखादी शेव्रोलेची इम्पाला धनिकाच्या दारी येई. पेट्रोल पिणाऱ्या व्ही-८ इंजिनाचा खर्च आणि गिअरबॉक्सच्या सुट्या भागांची वानवा यांमुळे अशा अनेक गाड्यांतून मिस्त्रींनी मूळ इंजिन व ऑटोमॅटिक गिअर दोन्ही उपसून डिझेल इंजिन आणि त्याच्या जोडीचा हाताचा गिअरबॉक्स बसवला. अमेरिकेत संग्राहक ज्याला बनावट म्हणतो, तोच बदल इथे गाडी चालती ठेवण्यासाठी झाला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तेव्हा छत्तीसगडातल्या जुन्या मोटारींनाही ती वाट खुली झाली. मूळ रूप राखण्याच्या अटीत मात्र चेसिस, सांगाडा आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, गिअरबॉक्सचा नाही.